सिस्टर कुडतरकरांचं उपाशी पोवळं

शैला कुडतरकर निवृत्त झाल्या तेव्हा आपण आता कुणाला भरवायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं ठरवलं होतं. तेहेतीस वर्षं त्यांनी मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात काढली होती. ओंजळीत मावतील एवढी बाळं, दूध ओढायचीही ताकद नसलेली. नाकातून केसासारखी नळी घालून दर दोन तासांनी त्यांना चमचाभर दूध सोडायचं आणि ते एवढुसं पोट पचवतंय की नाही हे बघत बसायचं. या कामात त्यांचा हात इतका बसला होता की नव्या डॉक्टर मुली बाळाच्या नळीला हात लावण्याआधी "सिस्टर, जरा उभ्या राहता का?" असं म्हणत.

मीरा रोडला स्टेशनपासून शेअर रिक्षानं दहा मिनिटांवर त्यांची सोसायटी. तिथेही त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. नवरा आत्माराम टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला. त्यांचा विश्वास यंत्रांवर. जिवंत वस्तूंचा भरवसा नसतो, असं त्यांचं मत. कुंडीतली तुळससुद्धा ते लांबूनच बघत.

या घरात समुद्र आला तो चौथ्या मजल्यावरच्या हेमालीमुळे. हेमाली शाह नवऱ्याच्या बदलीमुळे अहमदाबादला निघाली होती आणि तिच्याकडे साडेतीन फुटी खाऱ्या पाण्याची टाकी होती. ती शैलाताईंकडे येऊन डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "आंटी, फक्त दोन महिने सांभाळा. तिकडे घर लागलं की मी घेऊन जाते. तुमच्याशिवाय कोणाच्या हातात देऊ?"

"अगं पण मला त्यातलं काय कळतं?"

"तुम्ही एवढी एवढी पोरं जगवली, आंटी. हे तर त्याच्यापेक्षा सोपं आहे."

हे वाक्य ऐकून शैलाताई विरघळल्या. टाकी लिफ्टमध्ये मावेना, म्हणून चौघांनी ती जिन्यानं दोन मजले खाली आणली. मागून पाण्याची पिंपं आली, पिंपांमागून डब्यात मासे, आणि सगळ्यांच्या मागून, शोकेस कुठे हलवायची यावर कुरकुरत आत्माराम.

दोन महिन्यांचं वर्ष झालं. अहमदाबादचं घर लहान निघालं आणि हेमाली एक दिवस व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आंटी, आता ती तुमचीच." तोपर्यंत तसं कुणी सांगायची गरजही उरली नव्हती. सकाळी चहाआधी पाण्याचं तापमान बघायचं, मिठाचं प्रमाण मोजायचं, काचेवरचं शेवाळ पुसायचं हे शैलाताईंच्या अंगवळणी पडलं होतं. टाकीत नारिंगी पट्टेवाले दोन मासे होते, एक लाजरी कोळंबी होती आणि मऊ जातीची पाच-सहा पोवळी होती. दगडासारखी टणक पोवळी कायद्यानं संरक्षित, त्यामुळे हेमालीनं ती कधी ठेवली नव्हती. ही मऊ पोवळी गुणी होती. वरचा निळा दिवा लागला की फुलायची, विझला की मिटायची आणि त्या दिव्याच्या उजेडावरच बहुतेक जगायची. शैलाताईंना मनातून थोडं चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की त्यांच्या हाताला काम उरलं नव्हतं.

मग मार्च महिन्यात एके दिवशी त्या टाकीसाठी मीठ आणायला भूपेशच्या दुकानात गेल्या.

भूपेशचं शोभेच्या माशांचं दुकान स्टेशनच्या पलीकडच्या बाजूला, एका मोबाईल दुरुस्तीवाल्याच्या शेजारी. बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी, रागावला की गुजराती. शैलाताई काउंटरवर उभ्या असताना त्यांची नजर कोपऱ्यातल्या एका छोट्या टाकीकडे गेली. तिच्या तळाशी काहीतरी पडलं होतं. सुरकुतलेलं, विटकरी रंगाचं, जुन्या बटव्यासारखं.

"हे काय रे भूपेश?"

"ते सोडा, सिस्टर. गलतीसे आलं. मी ऑर्डर पण नव्हतं केलं. कार्नेशन बोलतात त्याला. फुललं ना, तर असं दिसतं जसं काचेचं फूल. पण नाही वाचणार."

"का? काय झालंय त्याला?"

"झालं काही नाही. भूक." भूपेशनं हात झटकले. "बाकीची पोवळी लाईटवर जगतात. याला लाईटचा काही उपयोग नाही. याला पाण्यातून खायला पाहिजे. एकदम बारीक, धूळ असते ना, तेवढं बारीक. आणि सारखं सारखं, दिवसभर. कोण देणार? माझ्याकडे आजपर्यंत तीन आले. एक पण दोन महिन्यांच्या वर नाही गेलं. रोज थोडं थोडं छोटं होत जातं, आणि एक दिवस नसतंच. मी विकत पण नाही ते. पाप लागेल."

शैलाताई टाकीजवळ वाकल्या. त्या सुरकुतलेल्या बटव्याच्या एका टोकाला दाण्याएवढी दोन-तीन तोंडं होती आणि त्यातलं एक, अगदी एकच, उघडं होतं. आठ बारीक बोटं पसरून ते पाण्यात काहीतरी शोधत होतं.

"हे मला दे," त्या म्हणाल्या.

"सिस्टर, ऐका माझं..."

"याची उंची मोजलीस का? आलं तेव्हा किती होतं आणि आता किती आहे?"

भूपेशनं पिशवी काढून तिच्यात पाणी भरायला घेतलं. दुकान टाकल्यापासून हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता.

घरी आल्यावर शैलाताईंनी टाकीच्या काचेला बाहेरून पट्टी लावून माप घेतलं. नऊ सेंटिमीटर. फ्रिजच्या दारावर त्यांनी एक तक्ता चिकटवला, हॉस्पिटलात खाटेच्या पायथ्याशी असायचा तसा: तारीख, वेळ, काय दिलं, किती दिलं, किती तोंडं उघडी. आत्मारामांनी तो वाचला आणि म्हणाले, "माझ्या बायपासनंतर असा तक्ता लावला नव्हतास."

"तुम्ही मागून मागून खात होतात. तक्ता कशाला हवा होता?"

पहिल्याच आठवड्यात शैलाताईंच्या हातून चूक झाली, आणि तीही अशी की पुढे कितीतरी दिवस त्या स्वतःवर रागावलेल्या होत्या. भूपेशनं दिलेली पोवळ्याच्या खाण्याची पूड त्या सिरिंजमध्ये कालवून त्याच्यावर सोडत. तोंडं उघडत नव्हती. म्हणून त्यांनी थोडं जास्त दिलं. तरी उघडेनात, म्हणून आणखी थोडं. चौथ्या दिवशी सकाळी आत्माराम पेपर घेऊन टाकीसमोरून जाताना थांबले.

"अगं शैला, तुझे मासे जांभया देतायत."

शैलाताई धावत आल्या. पाणी गढूळलं होतं आणि दोन्ही मासे वर येऊन तोंडं उघडमीट करत होते. न खाल्लेली पूड पाण्यात कुजली होती. पुढचे तीन तास नवरा-बायको बादल्या उचलत होते: जुनं पाणी काढायचं, मीठ विरघळवून ठेवलेलं नवं पाणी घालायचं.   मासे वाचले. शैलाताई ओल्या साडीनं तशाच स्टुलावर बसल्या.

"तेहेतीस वर्षांत एका बाळाला कधी घोटभर जास्त पाजलं नाही मी," त्या म्हणाल्या. "आणि इथं लागले कोंबायला."

"मग तिथं काय करायचीस?"

"तिथं?" शैलाताई स्टुलावरून उठल्या. "तिथं ज्याला एकदम पचत नाही त्याला थेंब थेंब द्यायचो. दिवसभर."

संध्याकाळी त्या खालच्या मेडिकलमध्ये सलाईनचा सेट घ्यायला गेल्या. दुकानदारानं काळजीनं विचारलं, "घरात कोणाला लावायचंय, सिस्टर? काका बरे आहेत ना?"

"काका ठणठणीत आहेत. पोवळ्याला लावायचंय."

त्यानं सेट कागदात गुंडाळून पुढे सरकवला.

आता प्रश्न होता सलाईनमधून द्यायचं काय. हेमालीच्या ओळखीचा एक जण गुजरातेत कोळंबीच्या पिल्लांच्या केंद्रात कामाला होता. त्यानं समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळाची एक बाटली कुरियरनं पाठवली. नुसत्या डोळ्यांना ते हिरवं पाणी दिसायचं. पण त्यातल्या थेंबा-थेंबात हजारो जिवंत कण होते. शैलाताईंनी कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या बाल्कनीच्या ग्रिलला उलट्या टांगल्या, त्यात हवेच्या बारीक नळ्या सोडल्या आणि ते शेवाळ वाढवायला घेतलं. आठ दिवसांत बाल्कनीत सहा हिरव्यागार बाटल्या बुडबुडत होत्या. आत्मारामांची बहीण ममता वसईहून आली होती. तिनं बाटल्यांकडे बराच वेळ पाहिलं आणि हळूच शैलाताईंना बाजूला घेतलं.

"वहिनी, हा गव्हांकुराचा रस ना? मला पण थोडा द्या. माझी शुगर काही खाली येत नाहीये."

पडद्याच्या दांडीला सलाईनची बाटली लागली. तिच्याभोवती बर्फाच्या पिशव्या घातलेला थर्माकोलचा डबा, म्हणजे आतलं हिरवं पाणी उन्हाळ्यात नासू नये. नळीचं टोक टाकीत, पाणी फिरवणाऱ्या पंख्यासमोर. शैलाताईंनी नळीवरची चाकी फिरवून घड्याळाकडे बघत थेंब मोजले. मिनिटाला दहा. घरी येणारा प्रत्येक माणूस आधी दचकायचा आणि मग पेशंट शोधायचा.

हेमालीनं आणखी एक गोष्ट सुचवली. तिनं कुठलासा पाण्याखालचा व्हिडिओ पाहिला होता. "आंटी, तुम्ही त्याला सरळ उभं केलंय. समुद्रात ते खडकाच्या खालच्या बाजूला लटकतं, उलटं. वरून कचरा पडत नाही आणि प्रवाह जोरात मिळतो." शैलाताईंनी दगडांची एक कमान रचली आणि पोवळं तिच्या पोटाला उलटं बांधलं. आत्मारामांनी पंखा कसा तिरका लावला तर पाणी कमानीखालून वळेल ते कागदावर आकृती काढून दाखवलं. यंत्राचा विषय निघाला की त्यांना राहवत नसे.

अठराव्या दिवशी दुपारी शैलाताई तांदूळ निवडत होत्या. सहज मान वर केली तर कमानीखालचा बटवा फुगला होता. सुरकुत्या गेल्या होत्या, फांद्या ताणल्या होत्या आणि फांद्यांच्या टोकांना तोंडांचे गुच्छच्या गुच्छ उघडले होते. ताट मांडीवरून खाली ठेवायचंही त्यांना भान राहिलं नाही. निम्मे तांदूळ फरशीवर सांडले.

"अहो!" त्या ओरडल्या. "अहो, जेवतंय!"

साडेदहा सेंटिमीटर. तक्त्यावर त्यांनी तो आकडा लाल पेनानं लिहिला.

पण पुढे आकडा हलेना. एप्रिल संपला तरी साडेदहा. मेच्या पहिल्या आठवड्यात दहा. पुढच्या आठवड्यात पुन्हा नऊ. तोंडं उघडत होती, पाणी स्वच्छ होतं, थेंब पडत होते, तरी पोवळं वाळत चाललं होतं. भूपेशला फोन केला तर तो म्हणाला, "सिस्टर, तुम्ही तर रेकॉर्ड केलाय. आता मनाला लावून घेऊ नका." हे असलं बोलणं शैलाताईंनी वॉर्डातही नातेवाइकांच्या तोंडून ऐकलं होतं आणि तिथेही त्यांना ते आवडत नसे.

त्यांच्या सोसायटीत मंगळवारी आणि शुक्रवारी इंदुबाई मासळी घेऊन येत. भाईंदरच्या जुन्या गावातल्या कोळीण. वय सत्तरीच्या घरात, पण मासळीची टोपली डोक्यावर घेऊन दोन जिने सहज चढत. इतकी वर्षं त्या दारातच बसून मासळी कापून देत. आत कधी आल्या नव्हत्या. त्या शुक्रवारी शैलाताईंचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. बोंबील हातात धरून त्या तशाच उभ्या राहिल्या.

"काय झालं गो बाय? बरं न्हाय का?"

"मला काही नाही झालं, इंदुबाई. आत या, दाखवते."

इंदुबाईंनी पाय पुसले, आत आल्या आणि टाकीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आधी मासे बघितले, मग दिवा, मग सलाईन.

"घरात दर्या आनलास की गो," त्या हसत म्हणाल्या. मग कमानीखाली बोट दाखवलं. "ह्ये तं आमच्या जाल्यात येतं. खोल पान्यात ग्येलं का. आमी झटकून टाकतो. तू याला सलायन लावलंय?"

"खायला घालतेय. पण वाढत नाही. वाळतंय."

"काय घालतेस?"

शैलाताईंनी बाल्कनीतल्या बाटल्या दाखवल्या. इंदुबाईंनी एक बाटली उजेडाला धरून वास घेतला.

"म्हंजे नुसती पालेभाजी. आन् मावरं?"

"मासळी कशी देणार? त्याची तोंडं एवढी एवढी आहेत. कोळंबीचा सगळ्यात बारीक कीसही जात नाही आत. पिठापेक्षा बारीक पाहिजे."

इंदुबाई स्टुलावर टेकल्या. पदरानं त्यांनी मान पुसली. त्यांच्या घरात सुनांना, नातवंडांना काय सोसतं, काय सोसत नाही, हे त्याच ठरवायच्या. हा प्रश्नही त्यांनी तसाच घेतला.

"कालवांचं दूध दे," त्या म्हणाल्या.

"कालवांचं दूध?"

"आत्ता कालवं भरलेली हायत. पावसाच्या आधी भरतात. फोडलं का आतून पांढरं निघतं, दुधासारखं. ती त्यांची अंडी. बोटावर घेतलीस तरी दाना लागायचा न्हाय, येवढी बारीक. मी मंगलवारी आनते, उत्तनच्या खडकावरची. खाडीतली नको, तिथं पानी घान हाय."

मंगळवारी इंदुबाई आल्या त्या मासळी बाजूला ठेवून थेट स्वयंपाकघरात गेल्या. लोखंडी आकड्यानं टचाटच कालवं फोडत त्यांनी शैलाताईंना भरलेलं कुठलं आणि रिकामं कुठलं ते दाखवलं. शैलाताईंनी ते पांढरं दूध खाऱ्या पाण्यात मिसळून मलमलच्या कापडातून तीनदा गाळलं. थेंबभर काचेवर घेऊन भिंगाखाली बघितलं. गोल गोल अंडी, एकसारखी. ते दूध त्यांनी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं, दर खणात जेमतेम चमचाभर. रोज एक वडी. त्यातला एक चतुर्थांश सकाळी, एक चतुर्थांश दुपारी, असे चार वाटे. या वेळी त्यांनी हात आखडताच ठेवला.

पहिला वाटा पाण्यात सोडला तेव्हा इंदुबाई मुद्दाम थांबल्या होत्या. पांढरा धूसर ढग पंख्याच्या झोतात वळला आणि कमानीखालून गेला. एका क्षणात त्या फांद्यांवरचं तोंड न् तोंड आवळलं, मग पुन्हा उघडलं. बोटं भराभर आत-बाहेर व्हायला लागली.

"बघ, बघ कशी झोंबलीत," इंदुबाई म्हणाल्या. "उपाशी व्हती गो बिचारी."

जूनच्या शेवटी अकरा सेंटिमीटर. ऑगस्टमध्ये तेरा. इंदुबाईंनी पावसाळ्याआधी आणून दिलेली दोन टोपल्या कालवं फ्रीजरमध्ये वड्या होऊन बसली होती, त्यामुळे आत्मारामांच्या आइस्क्रीमला जागा उरली नव्हती. त्यांनी तक्रार केली, पण तक्त्यावरचे आकडे आता ते स्वतःही चोरून बघत होते, हे शैलाताईंना ठाऊक होतं.

ऑक्टोबरात शैलाताईंच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, आधी उजवा, मग तीन आठवड्यांनी डावा. डॉक्टरांनी बजावलं: आठवडाभर वाकायचं नाही, पाण्यात हात घालायचा नाही, डोळ्यात थेंबही जाता कामा नये. शैलाताईंनी आत्मारामांना खुर्चीत बसवून शिकवायला सुरुवात केली.

"थेंब किती?"

"मिनिटाला दहा."

"वडी?"

"चार वाटे. आणि तू मला हे सातव्यांदा विचारतेयस. मी एक्स्चेंजमध्ये दहा हजार लाइनी सांभाळल्यात."

"त्या लाइनी मेल्या नसत्या."

उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या चौथ्या दिवशी, शनिवारी दुपारी वीज गेली. वायरमन म्हणाला, केबल जळाली आहे, तीन-चार तास तरी लागतील. टाकीचे पंखे थांबले. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आत्मारामांनी काढला, तर त्याच्या बॅटऱ्या फुगून बसल्या होत्या. दहा मिनिटांत पोवळं आक्रसायला लागलं. मासे वर आले.

शैलाताई काळा चष्मा लावून हॉलच्या दारात उभ्या होत्या. पुढे यायची सोय नव्हती. "अहो, तांब्या घ्या. टाकीतलंच पाणी उचलायचं आणि हातभर उंचावरून परत सोडायचं. हवा मिसळली पाहिजे. थांबायचं नाही."

आत्मारामांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. अर्ध्या तासात त्यांचा खांदा भरून आला. त्यांनी भूपेशला फोन लावला आणि तांब्या दुसऱ्या हातात घेतला. शेजारची संपदा दार उघडं बघून डोकावली. तिनं दुसरा तांब्या घेतला. मग वरच्या मजल्यावरचे दोन गुजराती आजोबा आले, मग वॉचमन. प्रत्येकाची दहा दहा मिनिटांची पाळी लागली. ज्याची पाळी नसे तो सोफ्यावर बसून सूचना करी. आणि शैलाताईंना दारातून नवऱ्याचा आवाज ऐकू येत होता. आजोबांना ते समजावून सांगत होते:

"देखो, बाकी सब लाईटपे जीते है. लेकिन हमारा जो कार्नेशन है ना, उसको लाईट नहीं चाहिये. उसको सिर्फ फ्लो और खाना. दुनिया में बहुत कम लोग इसको पाल सके है. अपनी सिस्टरने पाला."

शैलाताईंना हसू आलं. डॉक्टरांनी डोळ्यात पाणी आणायचं नाही असं सांगितलं होतं, म्हणून त्या आत जाऊन बसल्या.

सव्वा तासानं भूपेश स्कूटरवरून आला, दुकानातले दोन चार्जिंगचे पंप पिशवीत घालून. पंप लागले. पाणी फिरायला लागलं. भूपेशनं प्रथमच कमानीखाली वाकून बघितलं. आक्रसलेल्या अवस्थेतही ते पोवळं त्यानं दिलं होतं त्याहून मोठं होतं.

"सिस्टर," तो म्हणाला, आणि पुढचं गुजरातीत म्हणाला. पण राग नव्हता त्यात.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशनही नीट पार पडलं. महिनाभरानं काळा चष्मा गेला. सकाळी शैलाताई सवयीप्रमाणे टाकीसमोर आल्या आणि जागीच उभ्या राहिल्या. इतके महिने त्यांना वाटत होतं की आपलं पोवळं विटकरी आहे, थोडं मातकट. तक्त्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी तसं लिहिलंही होतं. आणि समोर होतं ते गुलाबी, जास्वंदीच्या गाभ्यासारखं गडद गुलाबी, फांद्या काचेसारख्या आरपार, आणि प्रत्येक फांदीत आत बर्फाच्या सुया खोचल्यासारखे पांढरे काटे.

"अहो, याचा रंग कधी बदलला?"

आत्माराम चहा घेऊन आले. "कुठे बदलला? पहिल्यापासून असाच आहे."

"मला सांगितलं नाहीत कधी?"

"मला काय माहीत तुला दिसत नाही ते?"

त्या दिवशी त्यांचा चहा गार झाला. नऊपासून साडेअकरापर्यंत त्या स्टुलावर बसून होत्या आणि एकही तांदूळ निवडला नाही. त्यांनी हेमालीला व्हिडिओ कॉल केला. "असंच होतं का गं हे?" "असंच, आंटी," हेमाली म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला माहितीये." मंगळवारी इंदुबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "तुला काय वाटलं, मी मातीच्या ढेकलासाठी कालवं फोडते?"

या मार्चला पोवळ्याला शैलाताईंकडे येऊन एक वर्ष पूर्ण झालं, आणि एप्रिलमध्ये आत्मारामांना कमानीच्या दुसऱ्या बाजूला, दगडाच्या खाचेत, नखाएवढा गुलाबी ठिपका सापडला. त्यांनी तो आधी कुणाला सांगितला नाही. दोन दिवस भिंगानं बघितला, खात्री केली आणि मग फ्रिजवरच्या तक्त्याच्या खाली स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'नवीन जन्म. सहा मिलिमीटर. आईची तब्येत उत्तम.' जुन्या फांदीचा एक तुकडा सुटून तिथे रुजला होता. आठ तोंडं होती त्याला आणि आठही उघडी होती.

भूपेशला कळल्यावर तो त्याच संध्याकाळी मिठाई घेऊन आला. पिल्लू जरा मोठं झालं की दुकानात ठेवायला द्या, असं त्यानं विनवलं. शैलाताईंनी आधी साफ नाही म्हटलं. मग अटी घातल्या. दुकानात वेगळी टाकी, उलटी कमान, बर्फाचा डबा, सलाईन. पिल्लू तीन सेंटिमीटर होईपर्यंत हलणार नाही. आणि हे विकायचं नाही.

ऑगस्टमध्ये ते पिल्लू रिक्षातून रेल्वेच्या पलीकडे गेलं. आत्माराम डबा मांडीवर धरून बसले होते आणि प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याला हळू म्हणत होते. आता दर बुधवारी संध्याकाळी दोघं तिकडे चक्कर मारतात. शैलाताई हिरव्या पाण्याची बाटली घेऊन, आत्माराम वड्यांचा थर्मास घेऊन. परवा गेल्या तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं. शैलाताईंनी कुणाकडे न बघता आधी नळीकडे बघितलं आणि मनगटावरचं घड्याळ समोर धरलं.

"भूपेश, चौदा पडतायत."

भूपेश मासा दाखवता दाखवता थांबला, गिऱ्हाइकाला "एक मिनिट" म्हणाला आणि चाकी फिरवायला लगबगीनं आला.